जबाबदारीचे अंतर : जवळचे कर्तव्य आणि दूरची चिंता

(द्वितीय वर्ष, कला)

१. प्रश्नाचे स्वरूप

आपल्याकडील वक्तृत्व आणि निबंध स्पर्धांचे विषय पाहिले तर ते बहुधा दूरचे असतात. जागतिक शांतता, पृथ्वीची तापमानवाढ, निर्वासितांचा प्रश्न, अण्वस्त्रांचा धोका. २०२२ मध्ये रशियाने युक्रेनवर आक्रमण केले तेव्हा ते युद्ध पहिल्याच दिवशी मोबाइलच्या पडद्यावरून आमच्या खेड्यातील घरातही येऊन पोचले. दूरची बातमी कळण्यासाठी आता कोणालाही तारेची वा टपालाची वाट पाहावी लागत नाही. परंतु बातमी जवळ आली म्हणून आपला हातही तिथवर पोचतो असे नाही. तेव्हा साहजिकच प्रश्न उद्भवतो की, जिथे आपला हात पोचत नाही तिथली चिंता करणे हे कर्तव्य समजायचे, की मनाची एक प्रकारची करमणूक?

माझ्या घरात महाविद्यालयाची पायरी चढलेली मी पहिलीच. आईवडील दरवर्षी दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला जातात आणि मी आजीजवळ राहून शिकले. निबंधाचे विषय घरी सांगितले की वडील म्हणत, "जगाची चिंता कराया जग हाय. आपल्या कोयत्याची कोण करणार?" हा प्रश्न अडाणी म्हणून बाजूला सारण्यासारखा नाही. मोठमोठ्या विचारवंतांनी तो निराळ्या शब्दांत मांडलेला आहे. प्रस्तुत लेखात त्यांपैकी काहींची मते पाहून, इतिहासातील काही उदाहरणांच्या आधारे या प्रश्नाचा विचार करावयाचा आहे.

२. गांधीजी आणि रवींद्रनाथ

१९१६ साली मद्रास येथे मिशनरी परिषदेपुढे बोलताना गांधीजींनी स्वदेशीची व्याख्या केली. आपल्या अगदी निकटच्या परिसराची सेवा करणे, त्याच परिसरातील वस्तू वापरणे आणि दूरच्या गोष्टींचा मोह आवरणे ही वृत्ती म्हणजे स्वदेशी, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. धर्म, राजकारण आणि अर्थकारण या तिन्ही क्षेत्रांना त्यांनी ही व्याख्या लावली. तिच्यामागे एक साधी जाणीव दिसते. माणसाची शक्ती मर्यादित आहे. सर्वांचीच सेवा करू पाहणारा शेजाऱ्याला मात्र विसरतो, असे होऊ शकते.

रवींद्रनाथांना या विचारात धोका दिसला. १९२१ साली असहकाराच्या भरात परदेशी कापडाच्या होळ्या पेटत असताना त्यांनी लेख लिहून गांधीजींशी आपला मतभेद जाहीरपणे मांडला. आपल्याच अंगणाकडे पाहणारे मन हळूहळू अंध आणि आज्ञाधारक बनते, जगाशी असलेला ज्ञानाचा व्यवहार तोडून कोणताही देश मोठा होत नाही, अशी त्यांची भूमिका होती. गांधीजींनी 'यंग इंडिया'तून त्यांना उत्तर दिले. भुकेल्या माणसाला आधी काम आणि अन्न हवे, हा त्या उत्तराचा रोख होता.

येथवरचा वाद पाठ्यपुस्तकांत सापडतो. पण पुढे या दोघांनी काय केले तेही पाहिले पाहिजे. विश्वाची भाषा बोलणाऱ्या रवींद्रनाथांनी १९२२ मध्ये शांतिनिकेतनजवळच्या सुरुल गावी श्रीनिकेतनची स्थापना केली आणि आसपासच्या खेड्यांत शेती, हस्तोद्योग व आरोग्य यांचे काम सुरू केले. त्या कामाची धुरा प्रथम लेनर्ड एल्महर्स्ट या इंग्रज शेतीतज्ज्ञाने वाहिली. उलट शेजारधर्म सांगणारे गांधीजी १९३१ मध्ये गोलमेज परिषदेसाठी इंग्लंडला गेले असताना मुद्दाम लँकेशायरमधील डार्वेन येथे गेले. भारतातील बहिष्काराची झळ तेथील गिरण्यांना लागली होती आणि कामगार बेकार झाले होते. गांधीजींनी बहिष्कार मागे घेतला नाही. मात्र आपल्या कृतीचा ज्यांच्या चुलीवर परिणाम झाला त्यांच्यासमोर ते स्वतः उभे राहिले, त्यांचे म्हणणे ऐकून घेतले आणि भारतातील दारिद्र्य किती खोल आहे ते त्यांना सांगितले.

म्हणजे जवळचे सांगणारा दूर गेला आणि दूरचे सांगणारा जवळच्या खेड्यात उतरला. यावरून असे वाटते की, 'जवळचे की दूरचे' ही प्रश्नाची मांडणीच कुठेतरी अपुरी आहे.

३. अंतर कोणी मोजायचे?

पीटर सिंगर या ऑस्ट्रेलियन तत्त्वज्ञाने १९७२ साली प्रसिद्ध केलेल्या एका निबंधाची नीतिशास्त्राच्या अभ्यासात नेहमी चर्चा होते. त्यातील दृष्टान्त असा : आपण उथळ तळ्याजवळून जात आहोत आणि एक मूल बुडताना दिसते. कपडे चिखलाने भरतील म्हणून आपण थांबू का? थांबणार नाही. मग तेच मूल हजारो मैलांवर उपासमारीने मरत असेल आणि थोड्या पैशाने वाचणार असेल, तर केवळ अंतरामुळे आपले कर्तव्य कमी का व्हावे? सिंगर यांच्या मते अंतराला नैतिकदृष्ट्या काहीच महत्त्व नाही.

हा युक्तिवाद तोडणे अवघड आहे. पण आपल्या दृष्टीने त्यात आणखी एक गंमत आहे. सिंगर यांच्यासमोर जे 'दूरचे' लोक होते ते १९७१ सालचे पूर्व बंगालमधील निर्वासित. पाश्चात्त्य वाचकाला ते जगाच्या दुसऱ्या टोकाचे. आपल्याला मात्र ते सीमेपलीकडून आलेले शेजारी होते. त्या वर्षी सुमारे १ कोटी निर्वासित भारतात आले आणि नोव्हेंबरपासून बहुतेक टपालावर निर्वासित साहाय्यासाठी ५ पैशांचे जादा तिकीट लावावे लागू लागले. पुढल्याच वर्षी ज्या महाराष्ट्रावर मोठा दुष्काळ कोसळला, तेथील लोकांनीही ते ५ पैसे भरले होते.

सांगायचा मुद्दा असा की, 'दूर' हा शब्द बोलणारा कुठे उभा आहे यावर अवलंबून असतो. २०२४ मध्ये 'न्यूयॉर्क टाइम्स' या अमेरिकन दैनिकाने महाराष्ट्रातील ऊसतोड कामगार स्त्रियांचे कर्ज, बालविवाह आणि गर्भाशयाच्या शस्त्रक्रिया यांवर सविस्तर वृत्तान्त छापला. न्यूयॉर्कच्या वाचकाने तो 'जगातील एक दूरचा प्रश्न' म्हणूनच वाचला असणार. मी तो वाचला तेव्हा त्यातील प्रत्येक शब्द माझ्या घरातला होता. दूरच्या प्रश्नांची चिंता करणारे लोक जगात नसावेत असे आपण म्हणतो तेव्हा आपणही कोणाचा तरी दूरचा प्रश्न आहोत, हे आपण विसरतो.

४. दूरचे युद्ध आणि सुप्याचा बाजार

दूरच्या जगाकडे पाठ फिरवता येते असे समजणाऱ्यांनी दख्खनच्या दंग्यांचा इतिहास वाचावा.

१८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध सुरू झाले. इंग्लंडच्या गिरण्यांना लागणाऱ्या कापसाचा सुमारे तीन-चतुर्थांश भाग त्यापूर्वी अमेरिकेतून येत असे. तो बंद पडताच भारतातील कापसाला सोन्याचा भाव आला. मुंबईत पैशाचा पूर लोटला, शेअरांचा जुगार माजला आणि खेडोपाडी सावकार सढळ हाताने कर्ज देऊ लागले. १८६५ मध्ये युद्ध संपले. कापसाचा भाव कोसळला, मुंबईतील पेढ्या बुडाल्या, सावकारांनी हात आखडता घेतला आणि वसुली सुरू केली. त्याच सुमारास फेरआकारणीने सरकारी सारा पुष्कळ वाढला. अखेर १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे बाजाराच्या दिवशी शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरांवर चाल केली आणि कर्जरोखे व वह्या जाळल्या. हे लोण पुणे आणि नगर जिल्ह्यांतील अनेक गावांत पसरले. पुढे १८७९ मध्ये सरकारला दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कर्जनिवारणाचा कायदा करावा लागला.

या दंग्यांच्या कारणांत कापसाचा वाटा किती आणि साऱ्याचा किती, याविषयी इतिहासकारांत मतभेद आहेत. तरीही एक गोष्ट उरतेच. सुप्याच्या शेतकऱ्याने अमेरिकेचा नकाशा पाहिलेला नसेल, पण अमेरिकेतील युद्ध त्याच्या कर्जरोख्यापर्यंत येऊन पोचले होते. आजही ब्राझीलमध्ये ऊस किती पिकला यावर जगातील साखरेचा भाव हलतो आणि त्या भावाशी कारखान्याचा, कारखान्याशी मुकादमाचा आणि मुकादमाशी कोयत्याचा संबंध असतो. वडिलांच्या प्रश्नाला माझे पहिले उत्तर हेच आहे. आपल्या कोयत्याची चिंता करायची असेल तर थोडी जगाची माहिती असावी लागते.

५. जवळचे काम जगात जाते

याची उलट बाजूही तितकीच खरी आहे. १९७० साली डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे या दांपत्याने नगर जिल्ह्यातील (आताचा अहिल्यानगर) जामखेड या दुष्काळी तालुक्यात आरोग्याचे काम सुरू केले. दोघेही अमेरिकेत शिकून आलेले. प्रथम त्यांना दिसले की, दवाखान्यात येणारे बहुतेक आजार हे घाण पाणी, अपुरे अन्न आणि अज्ञान यांतून येतात. दवाखाना कितीही चांगला असला तरी ते थांबणार नाहीत. म्हणून त्यांनी गावागावांतील स्त्रियांनाच आरोग्यसेविका म्हणून शिकवले. त्यांतील अनेकजणी निरक्षर होत्या आणि कित्येक दलित समाजातील होत्या. बाळंतपण, मुलांचे वजन, जुलाबावर मीठ-साखरेचे पाणी, कुष्ठरोगाची व क्षयाची लक्षणे यांची माहिती घेऊन या बायका घरोघर जाऊ लागल्या. सोबतीला तरुण शेतकरी मंडळे आणि महिला मंडळे उभी राहिली.

जगाला धडा द्यावा या हेतूने हे काम निघाले नव्हते. पण १९७५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने निरनिराळ्या देशांतील लोकाधारित आरोग्यकार्यांविषयी ग्रंथ प्रसिद्ध केला त्यात जामखेडचा समावेश झाला. १९७८ मध्ये तेव्हाच्या सोव्हिएत संघातील अल्मा-आटा येथे १३४ देशांच्या प्रतिनिधींनी प्राथमिक आरोग्यसेवेचा जाहीरनामा मान्य केला. त्यामागे अशाच अनुभवांचे बळ होते. १९७९ मध्ये आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

गडचिरोलीचे उदाहरण असेच आहे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' या संस्थेने ३९ खेड्यांत गावातल्याच स्त्रियांना नवजात बालकांची काळजी घेण्यास शिकवले आणि त्याची तुलना ४७ इतर खेड्यांशी केली. नवजात बालकांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी कमी झाले. हे निष्कर्ष १९९९ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले आणि २०११ पासून भारत सरकारने आशा कार्यकर्तींमार्फत घरोघरी नवजात बालसेवेचा कार्यक्रम हाती घेतला.

या दोन्ही ठिकाणी एक साम्य आहे. काम लहान क्षेत्रात केले, पण त्याची नोंद ठेवली. किती मुले जन्मली, किती दगावली, का दगावली. जवळचे काम नोंदीशिवाय केले तर ते त्या गावापुरते पुण्य ठरते. नोंदीसह केले तर ते दुसऱ्या गावाच्या उपयोगी पडते.

६. शेजारी असून दूर

आता 'आधी आपल्या लोकांचे पाहू' या विचारातील सर्वांत अवघड जागा येते. आपले लोक म्हणजे कोण?

१८६८ मध्ये महात्मा फुले यांनी आपल्या घरचा पाण्याचा हौद अस्पृश्यांसाठी खुला केला. ज्यांना तो खुला झाला ते काही परमुलखातून आलेले नव्हते. पिढ्यान्‌पिढ्या त्याच पुण्यात राहणारे होते. अंतराच्या हिशेबाने शेजारी आणि व्यवहारात समुद्रापलीकडचे. याच फुल्यांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' हा ग्रंथ लिहिला आणि तो, गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या अमेरिकेतील लोकांना अर्पण केला. ज्या युद्धाने दख्खनच्या शेतकऱ्याला कर्जाच्या खाईत लोटण्यास हातभार लावला, त्याच युद्धात अमेरिकेतील गुलामगिरी संपली होती. फुल्यांना दूरच्या गुलामात जवळचा शूद्रातिशूद्र ओळखता आला. दूरचे पाहिल्यामुळे त्यांची जवळची नजर अधिक स्वच्छ झाली, असे म्हटल्यास चूक होणार नाही.

आजचे उदाहरण आपल्या डोळ्यांपुढचे आहे. गाळप हंगाम सुरू झाला की आपल्या महाविद्यालयापासून सायकलवर जाता येईल इतक्या अंतरावर ऊसतोड टोळ्यांच्या कोप्या पडतात. नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो. हंगामाआधी घेतलेली उचल फिटेपर्यंत टोळी सोडता येत नाही. ही माणसे पाच-सहा महिने या गावाच्या शिवारात राहतात, पण इथल्या मतदारयादीत त्यांची नावे नसतात. त्यामुळे पाण्याचा नळ असो, दवाखाना असो वा मुलांची शाळा असो, या गावात त्यांच्यासाठी उत्तर देणे कोणालाच बंधनकारक वाटत नाही. गावी परत गेल्यावर तिथले लोक म्हणतात, हंगामातले प्रश्न तिकडचे. अशी माणसे दोन्हीकडे दूरची ठरतात. २०१९ मध्ये बीड जिल्ह्यातील ऊसतोड स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न गाजला आणि राज्य शासनाने चौकशी समिती नेमली. तोपर्यंत त्या बायका कोणाच्याच शेजारी नव्हत्या.

७. जबाबदारीची कसोटी

मग जवळचे कोणते आणि दूरचे कोणते, हे ओळखायचे कसे? मला वाटते की, आपल्या भाषेतील 'जबाबदारी' या शब्दातच त्याचे उत्तर आहे. जबाबदारी म्हणजे जबाब देण्याची बांधिलकी. ज्याला उद्या येऊन आपल्याला विचारता येते, "तुम्ही सांगितलेत, त्याचे पुढे काय झाले?", तो आपल्या जवळचा. जिथे असे विचारणारा कोणी नाही तिथे आपली कळवळ कितीही खरी असली तरी ती हवेत राहते.

या कसोटीवर डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांचे चरित्र पाहावे. १९१० साली सोलापुरात जन्मलेला हा तरुण डॉक्टर १९३८ मध्ये, जपानच्या आक्रमणाशी झुंजणाऱ्या चीनकडे काँग्रेसने पाठवलेल्या पाच डॉक्टरांच्या पथकातून गेला. सोलापुरात रोगी नव्हते काय, असे तेव्हाही कोणी विचारले असेल. पण कोटणीस तिथे पाहुणे म्हणून राहिले नाहीत. चिनी भाषा शिकले, आघाडीजवळच्या रुग्णालयाचे प्रमुख झाले, तिथल्याच परिचारिकेशी विवाह केला आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी वयाच्या बत्तिसाव्या वर्षी तिथेच वारले. ज्या सैनिकावर शस्त्रक्रिया केली तो दुसऱ्या दिवशी समोर होता. जबाब विचारणारा समोर असल्यामुळे चीन त्यांच्यासाठी दूरचा राहिला नाही. गांधीजी डार्वेनला का गेले, तेही या कसोटीने उलगडते.

येथे एक आक्षेप घेता येईल. तापमानवाढीसारख्या प्रश्नात कोण कोणाला जबाब विचारणार? आक्षेप रास्त आहे, पण निरुत्तर करणारा नाही. १९८५ मध्ये अंटार्क्टिकावरील ओझोनच्या थराला पडलेले छिद्र शास्त्रज्ञांनी जाहीर केले आणि १९८७ मध्ये माँट्रियल येथे करार झाला. शीतकपाटे व फवाऱ्यांत वापरली जाणारी घातक रसायने कमी करण्याचे बंधन देशांवर आले आणि दरवर्षी त्यांचे आकडे कळवणेही आले. ओझोनचा थर आता हळूहळू भरून येत आहे. म्हणजे दूरच्या प्रश्नालाही जबाबाची व्यवस्था जोडता येते, आणि ती जोडली गेली तेव्हाच तो सुटू लागला. अशी व्यवस्था मागणारे सुशिक्षित नागरिक असणे हेही एक कामच आहे.

८. आपण काय करावे?

१९६९ मध्ये, गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी, राष्ट्रीय सेवा योजना सुरू झाली. आपणांपैकी अनेकजण तिचे स्वयंसेवक आहोत. सात दिवसांच्या शिबिरात आपण रस्ता झाडतो, शोषखड्डे खणतो, पथनाट्य करतो, छायाचित्रे काढतो आणि परततो. श्रम खरे असतात. पण पुढल्या वर्षी त्या शोषखड्ड्यांत पाणी मुरते की ते बुजून गेले, हे आपण पाहायला जात नाही आणि ते गावही आपल्याला विचारायला येत नाही.

म्हणून एक लहानशी सूचना करून हा लेख संपवते. येत्या हंगामात महाविद्यालयाने एक वही घालावी. आपल्या परिसरात कोप्या किती पडल्या, त्यांत शाळेच्या वयाची मुले किती, त्यांतील किती शाळेत जातात, पाणी कुठून आणतात, गरोदर स्त्रियांपर्यंत आशाताई पोचल्या का, एवढ्या पाचच गोष्टी आपण जाऊन विचाराव्यात आणि लिहाव्यात. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी त्यासोबत साखरेच्या जागतिक भावाचा तक्ता ठेवावा. ती वही ग्रामपंचायतीला आणि आरोग्य केंद्राला दाखवावी आणि महिन्याने पुन्हा जाऊन विचारावे. पुढल्या वर्षीच्या विद्यार्थ्यांनी तीच वही पुढे चालवावी. यात आपल्याला फार पैसा लागणार नाही. लागेल ती एवढीच तयारी की, कोप्यांतील एखादी बाई उद्या महाविद्यालयाच्या दारात येऊन "लिहून नेलंत, त्याचं काय केलंत?" असे विचारील, तेव्हा तिला द्यायला आपल्याजवळ उत्तर असावे.